शंभर किलोचा निवास आणि मोरीत पडलेली हौसाबाई

मंडळी, ऐका! देवापुढं उभा राहून आज एकच गोष्ट विचारतो. अंगात बळ असावं — बरोबर? असावंच! पण बळ म्हणायचं कशाला? दंड फुगला म्हणजे बळ? शर्टाचं बटण तुटलं म्हणजे बळ? — ओ तात्या, गालात हसू नका, बटण पोटानं पण तुटतं!

आता हे आख्यान पुराणातलं नाही बरं का. खालच्या आळीतलं आहे.

निवास पाटोळे. वय अठ्ठावीस. रोज संध्याकाळी जिमला! छाती अशी, की दारातून आधी छाती यायची, मग थोड्या वेळानं निवास. बाकड्यावर उताणा पडून शंभर किलोचा बार वर ढकलायचा! आणि पाय? बगळ्याचे! जिमचा मास्तर म्हणायचा, "निवास, आज तरी बैठका मार." हा म्हणायचा, "सर, पाय पँटीत असतात. कोण बघतंय?"

कोण बघतंय! अरे, वरचा बघतोय ना!

एका मंगळवारी सकाळी निवासची आई — हौसाबाई — मोरीत कपडे धूत होती. साबणावर पाय पडला — सर्रर्र! — आणि बसली खाली. घोटा मुरगळला.

"निवास! आरं पडले!"

आला पठ्ठ्या धावत. आईला बघितलं आणि बाह्या वर केल्या. बाह्या नव्हत्याच, तरी केल्या!

"आये, घाबरू नको. तू साठ किलो. साठ म्हणजे माझा वॉर्मअप!"

"मेल्या, बोलतोस काय, उचल की!"

मंडळी, इथं घोटाळा झाला. बार कसा असतो? दोन्हीकडं सारखा. कोरडा. गप पडलेला. आणि आई? एकीकडनं जड, सगळीकडनं ओली, आणि वर बोलणारी!

"काखंत हात घालू नको, गुदगुल्या हुत्यात!"

"मग धरू कुठं?"

"शंभर किलो कुठं धरतोस? तिथंच धर!"

पहिल्यांदा हात निसटला. दुसऱ्यांदा हौसाबाई सहा इंच वर आली आणि परत धप्प! तिसऱ्यांदा ह्यानं गुडघे ताठ ठेवले, कमरेतनं वाकला, दात-ओठ खाल्ले आणि — कट्ट!

निवास तसाच वाकलेला!

"काय झालं रं? उचलतोस का नुसता वाकून बघतोस?"

"आये... कंबर."

झालं! आई खाली बसलेली, पोरगा वर वाकलेला. ना ती उठतेय, ना हा सरळ होतोय! जणू एकमेकांच्या पाया पडायलेत!

शेवटी आईनंच हाक मारली. शेजारच्या बकुळामावशी आल्या. मावशी सरकारी दवाखान्यात आया. वजन बेचाळीस किलो. वाऱ्याची झुळूक आली तर पदराबरोबर मावशीही उडेल, अशी बाई!

मावशीनं काय केलं? उचललं? अजिबात नाही! आधी विचारलं, "हौसाक्का, कुठं दुखतंय? पाय हलवा बघू." मग खुर्ची आणली. आणि स्वतः — बघा हं — टाचा जमिनीला लावून शेजारी उकिडव्या बसल्या. "आता कुशीवर वळा. रांगत्या व्हा. हात खुर्चीवर. चांगला पाय फुडं घ्या. हं... उठा!"

मिनिटभरात हौसाबाई उभी! मग दोघींनी मागं वळून निवासकडं बघितलं. मावशी म्हणाल्या, "ह्याला बाई चार माणसं लागतील."

हसला ना? आता पुढचं ऐका.

आठवड्यात निवासची कंबर बरी झाली. पंधरा दिवसांत आईचा घोटा. पण हौसाबाईच्या मनात भीती बसली. ती खाली बसेना! भजनाला दारातनंच हात जोडायची. दीड महिन्यावर देवीचा भंडारा होता. तीस वर्षं ही बाई भंडाऱ्यात वाढायची आणि शेवटच्या पंगतीला आळीतल्या बायकांसोबत जेवायची. ह्यावर्षी म्हणाली, "माझं ताट घरी पाठवा."

बायका म्हणाल्या, "अगं, खुर्ची ठिवतो की."

"पंगतीत खुर्ची? मी काय पाव्हणी हाय? नको. खाली बसंन एकवेळ, पण उठवंल कोण?"

निवासनं आतनं ऐकलं. उठवंल कोण! शंभर किलो उचलणारा पोरगा घरात, आणि आई म्हणते, उठवंल कोण! मंडळी, ती कट्ट कमरेत झाली होती. ही आत झाली.

गेला तडक शेजारी. "मावशी, तुम्ही बसला तसं बसायला शिकवा." बसायला गेला — आणि कोंबडीसारखा मागं उलटला!

मग सुरू झाली तालीम. भरलेली घागर गुडघ्यात वाकून उचलायची, अंगाजवळ धरून दारापर्यंत न्यायची. लगेच दोन बादल्या घेऊन गच्चीचा जिना. लगेच रांगत अंगण पुसायचं. लगेच पाटावर बस-ऊठ दहा वेळा. मग घोटभर पाणी — आणि परत पहिल्यापासून! शहरात ह्याला सर्किट ट्रेनिंग म्हणतात, फी घेतात. मावशीनं अंगण पुसून घेतलं!

आणि मास्तर कोण? हौसाबाई! खुर्चीत बसून ओरडायची, "थांबू नको! अजून एक फेरी हाय!" पाचव्या दिवशी मावशी तिला म्हणाल्या, "अक्का, तोंडानं लई झालं. तुम्ही पण उठा." मग तीही खुर्चीवरनं उठायची, बसायची. आधी तीन वेळा, मग दहा. मग खुर्चीच्या जागी आला पाट. पोरगा अंगणात हाश्शहुश्श, आई ओसरीवर हाश्शहुश्श! आळी म्हणायची, भुतं शिरली ह्यांच्या घरात!

भंडाऱ्याचा दिवस. शेवटची पंगत. हौसाबाई आली... पत्रावळीपुढं उभी राहिली... आणि बसली! मांडी घालून बसली! दोनदा आमटी मागितली. पण सगळ्या बायकांच्या नजरा कुठं? आता उठणार कशी?

जेवण झालं. निवास आला. उचललं त्यानं? हातसुद्धा लावला नाही! टाचा टेकून शेजारी उकिडवा बसला. खांबासारखा. आईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, एक पाय पुढं घेतला, आणि — उठली!

बायका म्हणाल्या, "हौसा, पोरानं उचललं गं!"

"उचलतंय कशाला? मी उठले. ह्यो नुसता हलला न्हाई."

मंडळी, सापडलं का उत्तर? जे आरशात दिसतं ते मांस. जे आपल्या माणसासाठी खाली वाकतं आणि वाकल्यावर हलत नाही — ते बळ! तुमच्या घरात कोण खाली बसायचं सोडून बसलंय? कधी विचारलं? नाही ना? घरी जाऊन विचारा. आजच!

आता आरती. सगळ्यांनी उठायचं — हात जमिनीला न टेकता! ज्याला जमणार नाही त्यानं लाजायचं नाही. शेजाऱ्यानं उकिडवं बसायचं आणि खांदा द्यायचा. चला! एक... दोन...

सरपंच, हात टेकला! बघितलं मी! ओ तात्या, बघताय काय, उकिडवं बसा, त्यांना खांदा द्या की... अरे, तात्याच उलटले! धरा — तात्यांना धरा आधी!