शब्दाला शब्द

—नाही म्हणजे नाही, सानवी. सही मी करणार नाही. आल्येस तर बस, पाणी पी, पण तो कागद पुढे सरकवू नकोस. 'सानवीची आई यमुनाबाई टोमणा मारून बोलली होती' — हे काय गो लिहून द्यायचं? टोमण्याचा कुणी दाखला देतं? मी त्या दिवशी दुभाष्या होतो, तुझ्या आईचा वकील नव्हे.

आणि ते पत्रकार तरी काय — सरकारी खर्चाने परदेशातून आणलेले आठ शिंचे पाहुणे! हातखंब्याला वडा खाऊन तिघांची पोटं बिघडली, उरलेले पाच गावातला दवाखाना बघायला आले, तर निम्मा वेळ फणसाचेच फोटो. दवाखाना बघितला म्हणे! काय बघितलं? चार दिवसांपूर्वीचा रंग, घडी न मोडलेल्या चादरी आणि दिवसापुरता उसना आणलेला डॉक्टर. दौऱ्यावरचे सरकारी साहेब सांगतील ते वहीत उतरवायचं आणि कोकम सरबत ढोसायचं. आमच्या शाळेतली पोरं कॉपी करायची ती बरी, निदान घाबरून तरी करायची!

हो, आठवतंय ना. पायरीवर उभी होती तुझी आई, पदर खोचून. त्यांच्यातल्या एका बाईने विचारलं, दवाखाना कसा चालतो? तर यमुनाबाई म्हणते — 'भारीच चाललाय हो! डॉक्टर एवढे, की आजारी पडायला माणसं पुरत नाहीत!' अख्खा गाव खो-खो हसला. मी शब्दाला शब्द इंग्रजी केलं. एक गाळला नाही, एक पदरचा घातला नाही — अडतीस वर्षं इंग्रजी शिकवलंय मी, तुलाही शिकवलंय. कोकणातल्या बाईचं तिरकं बोलणं गोऱ्यांना कळलं नाही, तो माझा दोष? त्यांनी छापलं — गावात डॉक्टर मुबलक. आणि तुम्ही डॉक्टर मागितलात, तर अर्जाला तेच कात्रण टाचून परत आलं. त्याला मी काय करू?

अगदीच कळलं नाही असंही नाही म्हणा — ती बाई हुशार होती. गाव हसताना बघून तिने मला विचारलं की, ह्या थट्टा करतायत का? मग काय — साहेब माझ्याकडे बघत होते. म्हटलं, नाही, आनंदाने हसतायत. झालं. एका 'नाही'चं काय एवढं घेऊन बसलीस? शाल दिली मला साहेबांनी, पुढच्या दौऱ्यालाही बोलावलंय. रिटायर होऊन रत्नागिरीत आलो तेव्हापासून कोण विचारतं गो मला? माझ्या इंग्रजीसाठी गाडी पाठवली त्यांनी. दारात. सगळ्या बिल्डिंगने बघितलं.

आणि एवढंच असेल तर माझ्या सहीवाचून काय अडलंय? आईलाच ने कचेरीत. तिच्या तोंडाला कोण पुरलंय? सांगू दे साहेबासमोर, टोमणा होता म्हणून. तिचं बोलणं, तिनेच सांगावं. — बोलत नाही म्हणजे? रागावल्ये माझ्यावर, ते ठाऊक आहे मला — काय? केव्हा? — उजवी बाजू सगळी लुळी? अगो, मग लगेच दवाखान्यात का नाही —

हो. कुलूप असणार.

वाचा येईल म्हणतात का परत?

उठ आता, सानवी. मला बरं वाटत नाहीये. आणि तो कागद नको ठेवूस इथे — ने. ने म्हटलं ना.