व्हीसीडीतली आई

तांड्यावरच्या रामदासला मी अजून टाळतो, त्याचं कारण सांगतो. कळमनुरीत माझं शूटिंगचं दुकान होतं तेव्हा त्याच्या बहिणीचं लग्न मी शूट केलं होतं. त्याच्या घरी व्हीसीडी प्लेयर होता, अन् पुण्यातल्या भावाला इंटरनेटवरून पाठवायचं होतं.

"फाईल लहानात लहान बनवा भाऊ," तो म्हणाला.

मी व्हीसीडी काढली, इंटरनेटसाठी त्याहून बारीक फाईल केली आणि मूळ कॅसेटवर दुसरं लग्न घेतलं.

दोन वर्षांनी रामदास आला. त्याची आई वारली होती.

"तिचा एकबी फोटो न्हाई. लग्नात नवरीला धरून ती गाऊन राहिली होती, तिथला काढून द्या."

मी चित्र थांबवून मोठं केलं. लहान करताना चित्रातले बारकावे गेले होते; चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन दिसले.

"मूळ कॅसेटमधून काढा ना."

"ती पुसली रे."

तो जायला उठला. मग म्हणाला, "चूक माझीच हाय. मीच लहान करा म्हणलो."

सोबत एक डीव्हीडी काढून ठेवली असती तर चेहरा स्वच्छ राहिला असता, हे त्याला कुठून कळावं? मला ते लग्नाच्या वेळीच ठाऊक होतं, अन् त्या दिवशीही मी गप्प बसलो.