मसुरीएवढं सोनं

या मंडळी, कीर्तन सुरू होतंय, मागच्यांनी जरा पुढं सरका. आज एकच गोष्ट विचारतो. देवाचे आभार कधी मानायचे? सगळं पदरात पडल्यावर, की थोडं पडलं तेव्हाच? उत्तराची घाई नको. आधी गोदूबाईला भेटू.

गोदूबाई रासने, बार्शीची कासारीण. बाजारात बसून लेकीबाळींच्या हातात बांगड्या भरायची. नात झाली, मंजू, तेव्हा हिच्या मनात आलं की पोरीच्या नावानं सोनं घ्यावं. पण तोळ्याचा भाव ऐकला की आपल्यालाच घाम फुटतो, तिथं हिची काय कथा!

चंपालालशेठ सराफ म्हणाले, "गोदूबाई, तोळा कशाला? ही जुन्या राजवटीतली नाणी बघा. खरं सोनं, मसुरीच्या डाळीएवढं. लगीनसराईची कमाई हातात आली की एक न्यायचं."

तिनं नेलं. शेजारची सखूबाई म्हणाली, "अगं गोदे, हे काय सोनं? शिंकलीस तर उडून जाईल."

"मग तोंड फिरवून शिंकेन."

आमचे पेटीवाले हसले. हसा, पण तिनं दर वर्षी नेमानं एक नाणं घेतलं बरं का. डबी देव्हाऱ्यात ठेवली.

मंजू शाळेत जायला लागली आणि कळलं की पोरीला ऐकू कमी येतं. डॉक्टर म्हणाले, "आजी, दोन्ही कानांना मशीन लावा. उशीर झाला तर बोलणंही मागं पडेल." गोदूबाईनं डबी पदराखाली धरली आणि थेट सराफकट्टा गाठला.

शेठनी डोळ्याला भिंग लावलं. एक नाणं बघितलं, दुसरं बघितलं.

"गोदूबाई, यांच्यावरचे देव कुठं गेले?"

"म्हणजे?"

"ठसा होता की. सगळी गुळगुळीत झालीत. काय केलंत यांना?"

"दिवाळीला घासते, शेठ. समई, निरांजन, ताम्हन घासायचं आणि लक्ष्मीच तेवढी मळकी ठेवायची? चिंच आणि रांगोळी लावून लख्ख करते."

मंडळी, तुम्ही तरी दुसरं काय केलं असतं? आपल्या घरी पूजेचं भांडं घासल्याशिवाय दिवाळी उजाडते का?

शेठनी कपाळाला हात लावला. "अहो, जुन्या नाण्याला शौकीन माणूस सोन्यावर वरकड किंमत देतो, ती त्या ठशाची. ती तुम्ही मोरीत सोडलीत."

गोदूबाईचा चेहरा उतरला. "आणि सोनं? तेही गेलं?"

"सोनं कुठं जातंय, थोडं झिजलंय इतकंच. वजनाचा भाव मिळेल. घेताना होता त्याहून आज पुष्कळ चढलाय. घासू नका, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. म्हणून झिजेची घट कापत नाही. पूर्ण पैसे घ्या."

पैसे आले ते एका मशीनपुरते. एकाच कानाचे. दारात सखूबाई उभीच. "झालं? एकाच कानाचं?"

गोदूबाई म्हणाली, "काल तर एकाचंही नव्हतं, सखू." आत गेली आणि देवापुढं साखर ठेवली.

दवाखान्यात मशीन लागलं. पोर मान वर करून छताकडं बघायला लागली.

"आजी, पंखा बोलतोय."

डॉक्टरांनी पंखा एकदा बंद केला, पुन्हा लावला. पोर खुदकन हसली.

पुढच्या लगीनसराईनंतर ती पुन्हा शेठच्या पायरीवर हजर. दुसऱ्या कानासाठी पहिलं नाणं घेतलं. पावती मागून घेतली, नाणं मऊ कापडात ठेवलं. दिवाळीला वरूनच अक्षता वाहिल्या. सखूबाईही एक नाणं घेऊन आली होती, आणि हिलाच विचारत होती, "गोदे, याला चिंच लावायची नाही ना?"

मंडळी, आपण मात्र तोळ्याची वाट बघत बसतो. सोन्याच्याही आणि सुखाच्याही. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतोय ना? दोन्ही कानांनी ऐकू येतोय? मग आता कशासाठी थांबलात? जोडा हात.