पयलारू कॅसेट

धडाम्! धडाम्, धडाम्, धडाधडा... आन् एकदम गप्प! तुम्हास्नी सांगतो पावणं, लई वर्सं झाली, पर तो आवाज अजून कानात हाय. मला वाटलं गोठ्याचा पत्रा गेला, च्याची बशी तशीच ठिवून पळत गेलतो, तर आमचा पोरगा विश्वजित, तवा कॉलेजात हुता, टेपम्होरं डोळं मिटून बसल्याला! "आण्णा, ओरडू नगासा. ह्या बँडची पयलीच कॅसेट हाय. मेटल हाय, पर नुसतं बडवणं न्हवं, डोकं लावून केल्यालं. असं ह्यांच्याआधी कुणी केलंच न्हवतं!" कुणी केलं न्हवतं तेच बरं हुतं की! म्हशी पान्हा चोराय लागल्या, त्याचं काय?

आन् ते गाणं संपत न्हाय वो! संपलं म्हणून आपण सुस्कारा सोडावा, तर कुठनं तरी बारीक गिटार वाजाय लागती, तिन्हीसांजंला कुणी एकटंच गुणगुणावं तशी, आन् मग पुन्ना धडाम्! शेजारची धोंडुबाई भिताडावरनं, "आण्णाऽ, गोठ्यात गिरणी बसवली व्हय? दळणाचा दर काय?"

पर सवय लागती. आधी म्हशींस्नी लागली, मग मला. ठेका असा, की आपण पाय टाकावा तर तो भलतीकडंच निघाल्याला. आन् गाणाऱ्या पोराचा आवाज मधीच फाटतो. मी म्हटलं, "हितं चुकलाय रं." विश्वजित हसला. "चुकलाय की! म्होरच्या कॅसेटींत लई सफाई आली आण्णा, पर असा जीव न्हाय आला." तवा उमजलं बघा. पयलारू म्हस असती का न्हाय, पयल्यांदाच व्यायल्याली? लाथा मारती, धार वाकडी जाती, चरवी लवंडती... पर त्या दुधाची गोडी येगळीच!

कोरोनात विश्वजित गेला. दवाखान्यातनं त्याचा फोन तेवढा घरी आला, त्यात ही समदी गाणी. सांच्याला धारंला बसलो की लावतो. आमची म्हस चंद्री त्याबिगर पान्हाच सोडत न्हाय. ...खरं सांगू? चंद्री सोडती. माझाच हात चालत न्हाय.

आतनं सूनबाई, स्नेहल, कानावर हात ठिवून, "मामा, बंद करा वो ते! पाया पडते तुमच्या!" तिचं बी खरं हाय. तरणी पोर. म्हायेरच्यांनी वडगावात स्थळ बघितलं, मीच म्हटलं, जा बाई, हितं जन्म जाळू नगंस. काल भाऊ गाडी घिऊन न्यायला आला. म्हटलं, "पोरी, एकच मागतो. एकडाव बसून सगळं ऐक. माझ्यासंगं ऐकणारं कोण न्हाय गं."

बसली की! पेंडीच्या पोत्यावर. भायेर भाऊ हॉर्न मारतोय, धोंडुबाई भिताडावरनं वाकून बघतीया, आन् ते गाणं संपत न्हाय वो! बारीक गिटार येऊन गेली, पोराचा आवाज फाटला, मी हिच्या तोंडाकडं बघतोय, आता काय म्हणती, आता काय म्हणती... शेवटचा धडाम् झाला. म्हटलं, "कसं वाटलं, पोरी?"

उठली. पदराचा भुसा झाडला. माझ्या पाया पडली, आन् गेली गाडीकडं.

चंद्रीनं तेवढं पचाककन शेण टाकलं. म्हटलं, चला... कुणीतरी मत दिलं.