पाहुण्यांच्या वतीने दोन शब्द

...नाही, पण किल्ला म्हटल्यावर माणूस तट शोधणार की नाही? बुरूज शोधणार की नाही? महादरवाजा, गेला बाजार एखादी पडकी पायरी तरी? आमचे मोरेश्वरराव तेच शोधत होते! व्हॅनमधून उतरले, कमरेवर हात ठेवून त्या हिरव्यागार टेकडीकडे पाहिलं आणि विचारलं, ‘बरं, किल्ला कुठाय?’ तर सगळे त्यांच्याकडे असे बघायला लागले, जसा काही यांनीच तट पाडून खिशात घातलाय! आता यात माणसाचं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

तुम्हाला सांगतो, मोरेश्वरराव म्हणजे पुण्याचे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, दर रविवारी कुठला ना कुठला गड चढणारे. बरं, चढतील आणि गुपचूप उतरतील... छे! दर बुरुजापाशी थांबून बोलणार. मुलगा अक्षत हॅमिल्टनला, दूध पावडरीच्या कंपनीत इंजिनियर. त्याच्याकडे हे आणि शकुताई तीन महिने राहायला गेले, ते काही न्यूझीलंड बघायला नाही. गेले जुईसाठी. जुई म्हणजे नात, नऊ वर्षांची, जन्म तिकडचाच. मराठी सगळं कळतं हो तिला, पण उत्तर? इंग्रजीत! ‘जुई बाळ, जेवलीस का?’ ‘यप.’ ‘काय जेवलीस?’ ‘स्टफ.’ ‘अगं, आजोबांना मराठीत सांग की!’ ‘नाह, आयॅम गुड.’ अहो, गुड काय गुड? मोरेश्वररावांनी जिवाचं रान केलं, गोष्टी सांगून झाल्या, गडांची नावं पाठ करून घ्यायला गेले, शेवटी चॉकलेटची लाच दिली, तर पोरीनं चॉकलेट घेतलं आणि म्हणाली, ‘स्वीट ॲज!’ म्हणजे तिकडच्या पोरांचं ‘एकदम झकास’! एक वाक्य हो, फक्त एक अख्खं मराठी वाक्य नातीच्या तोंडून ऐकायचं आणि मग विमानात बसायचं, एवढंच मागणं. बुधवारचं विमान आणि उजाडला रविवार. माणूस कासावीस होणार नाही तर काय!

तेवढ्यात अक्षत म्हणाला, ‘बाबा, एक गाइडेड डे-ट्रिप बुक केलीये, जुना माओरी किल्ला बघायची.’ किल्ला! मोरेश्वररावांच्या अंगात वारंच शिरलं. घरात बसून काय कळणार पोरीला आजोबा काय चीज आहे ते! पहाटेपासून बूट, टोपी, काठी, गळ्यात शिट्टी. शकुताईंनी धपाटी बांधून घेतली. ‘अहो, तिथे गाइड असणार आहे, तुम्ही बोलायला जाऊ नका.’ ‘अगं, मी कशाला बोलतोय?’ असं म्हणाले खरे, पण हॅमिल्टन सुटायच्या आत व्हॅनमधल्या जर्मन जोडप्याला सह्याद्री समजावून सांगायला सुरुवात! आता शेजारी माणूस बसलाय तर काय खिडकीशी बोलायचं? यात काय चुकलं, तुम्हीच सांगा!

गाइड होती आरोहा नावाची माओरी बाई, हसरी, सगळ्यांना ‘किआ ओरा’ म्हणत नमस्कार करणारी. तिनं शांतपणे सांगितलं, अर्थात इंग्रजीत, मी आपलं मराठीत सांगतो, ‘काका, तुम्ही किल्ल्याकडेच बघताय. या उतारावर पायऱ्या पायऱ्या दिसतात ना? ती सगळी टेकडी माणसांनी लाकडी अवजारांनी कोरलीये. भोवती खोल खंदक, त्यावर लाकडाचं कुंपण, ते आता राहिलं नाही. आणि ते खड्डे दिसतात ना, ती कुमराची कोठारं.’ कुमरा म्हणजे रताळी हो! शकुताई एकदम खूश, ‘अगंबाई, म्हणजे उपासाची सोय होती!’ आणि मोरेश्वरराव? अहो, पाटबंधारे खात्याचा माणूस, आयुष्य गेलं माती हलवण्यात. लाकडी अवजारांनी एवढी टेकडी? टोपीच काढली हो! ‘शकु, उतार बघ काय राखलाय!’ जुईकडे वळले, ‘बघितलंस का बाळ?’ ‘यप,’ जुई म्हणाली. झालं!

मग आरोहानं सांगितलं, वर जायच्या आधी इथली मंडळी आपलं स्वागत करणार, ते बोलले की पाहुण्यांच्या वतीने एकानं बोलायचं, आपल्या भाषेत बोललं तरी चालेल, आणि त्याचं बोलणं झालं की पाहुण्यांनी मिळून एक गाणं म्हणायचं. ‘तर तुमच्यातलं वडीलधारं कोण?’ जर्मन जोडपं बुटांकडे बघायला लागलं, मागची कॉलेजची पोरं आभाळाकडे. आणि मोरेश्वररावांचा हात? आधीच वर!

आता याला कारण आहे. या माणसाला सोसायटीच्या गणपतीत, खात्याच्या निरोप समारंभात, गिर्यारोहण मंडळात, जन्मभर एकच काम मिळालं, आभारप्रदर्शन! आभारप्रदर्शन म्हणजे काय, तर लोक चपला शोधतायत, मागे बटाटेवड्यांचा वास सुटलाय आणि तुम्ही मांडववाल्याचे आभार मानताय. त्या माणसाला प्रथमच सगळ्यांनी समोर बसून ऐकायचं ठरवलंय, आणि नात पहिल्या बाकावर! सोडेल तो? सोडावं का? तुम्हीच सांगा!

शकुताई दबक्या आवाजात म्हणाल्या, ‘अहो, दोन शब्द म्हणजे दोनच हं!’ पण तोवर ते निघाले होते. समोर आरोहाचे मामा, पांढऱ्या केसांचे, हातात काठी, त्यांचं भारदस्त स्वागत झालं आणि आमचे उठले. ‘सन्माननीय यजमान, उपस्थित बंधुभगिनींनो...’ तिथून जे सुरू झालं! खंदक आला, तट आला, पाण्याची टाकी आली, गनिमी कावा आला, पाटबंधारे खातं आलं. जर्मन बाई पापणी न लवता बसलेली, तिला वाटलं प्रार्थना चाललीये. अक्षत कपाळाला हात लावून पार व्हॅनपाशी जाऊन उभा. आणि ते मामा मात्र माना डोलवतायत! त्यांच्याकडे लांब बोलण्याचं कौतुकच असावं. मग काय विचारता, हे आणखी रंगात! मध्येच जरा आवाज खाली गेला, चष्मा काढून पुसला, मामांकडे बघून हळूच काहीतरी बोलले, तिथे कोणाला कळणार होतं? आणि परत गडावर चढले.

इकडे आरोहा शकुताईंच्या कानाला लागली. ‘मावशी, आमच्यात एक पद्धत आहे. पुरुषाचं बोलणं फारच लांबलं, तर बायका सरळ उठून गाणं सुरू करतात. मग त्याला थांबावंच लागतं.’

शकुताईंनी तिचा हातच धरला. ‘काय सांगतेस! आणि आमच्याकडे हे कोणालाच कसं सुचलं नाही गं?’

अहो, उठल्याच! पदर खोचला आणि खड्या आवाजात गणपतीची आरती! आता मराठी माणूस, आरती सुरू झाल्यावर भाषण करेल का टाळ्या वाजवेल? मोरेश्वरराव गडावरच्या तळ्यांपर्यंत आले होते, वाक्य अर्धं तोंडात, पण हात आपोआप सुरू! जर्मन जोडप्यानं ताल धरला, कॉलेजची पोरं डोलायला लागली, मामांनी काठी आपटून ठेका दिला. आरती संपली आणि भाषणही संपलं.

आणि मग मामा जुईकडे बघून म्हणाले, ‘पोरी, तुझे आजोबा मनापासून बोलले. काय म्हणाले, आम्हाला सांगशील?’

जुई उठली. फ्रॉक नीट केला. म्हणाली, ‘ही सेड थँक यू. देन फोर्ट्स. देन... हीप्स ऑफ फोर्ट्स.’ सगळे हसले. पोरगी मात्र हसली नाही. खाली बघून म्हणाली, ‘अँड ही सेड ही इज गोइंग होम ऑन वेन्सडे, अँड ही इज सॅड, बिकॉज आय नेव्हर टॉक टू हिम इन मराठी.’

मोरेश्वररावांचे कान लालबुंद! कोणाला कळणार नाही म्हणून बोलले होते हो ते! आता अशा वेळी माणसानं गप्प बसावं, पण गप्प बसतील तर ते मोरेश्वरराव कसले? ‘नो नो, सर, ॲक्च्युअली तसं नाही, माझा मुद्दा खंदकाबद्दल होता...’

आणि जुई गर्रकन वळली. एक हात कमरेवर, एक भुवई वर, आणि खणखणीत मराठीत म्हणाली, ‘आजोबा, मी बोलतीये ना! मध्ये मध्ये बोलू नका, आधी खाली बसा बघू!’

तोच सूर! तीच भुवई! हुबेहूब शकुताई! म्हणजे तीन महिने हे घसा कोरडा करून गडांची नावं शिकवत होते आणि पोरगी शिकवणी लावून बसली होती आजीकडे! अक्षत व्हॅनपाशी आ वासून उभा, शकुताई पदर तोंडाला लावून हसतायत की रडतायत कळेना. आणि मोरेश्वरराव? डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू, आणि बसले मुकाट्याने. बसणारच! त्यांना गप्प बसवणारी जन्मभर पुण्यात एकच होती, आता हॅमिल्टनलाही शाखा उघडली... असो, निदान मराठी माध्यमाची!