चुलीमागं एक माणूस

हॅलो?… व्हय, उंब्रज. लाकडाची वखार… सयाजीच बोलतोय. कोण?… मोठ्यानं बोला, इथं करवत चालू हाय… कोण, दादासो? सरपंच?… अरं गड्या, बंद कर रं ती करवत जरा! गावाकडचा फोन हाय!… हां, बोला आता. कोरेगावातनं?… पोस्टातनं. बरं.

बरा हाय… जेवण? करतो की हातानं. पलटणीत शिकलोय. करपती कवा कवा… ते जाऊ द्या. तीन मिनिटांचा फोन, त्यात माझी भाकरी कशाला? काम काय ते बोला.

सभा?… कसली?… ओढ्याची. उद्या, पारावर… हं… बंधारा परत बांधायचाय. तालुक्याचे साहेब येणार… हं… मग बांधा की. मला कशाला सांगताय?

व्हय, रिवाज ठाव हाय मला. ओढ्याच्या सभेला चुलीमागं एक माणूस. एका चुलीचं एक तोंड… पण माझी चूलच न्हाई पेटत, दादासो. कुलूप हाय घराला. चुलीत मांजर व्यालंय म्हणून तुमचाच माणूस सांगत व्हता बाजारात.

काय?… परत बोला… शाल? मला?… आणि नारळ. बरं… बंधाऱ्याला माझ्या कारभारणीचं नाव?… पाटी करून आणलीय? कराडहून?…

येतोय, आवाज येतोय.

दादासो, एक विचारू? दुष्काळी कामावर बंधारा मंजूर झाला, तवा त्याच पारावर ती उठून उभी राहिली व्हती. आठवतंय?… काय म्हणाली, सांगा बरं… न्हाई, तुमी सांगा… "मातीचं काहीतरी"! काहीतरी न्हवं, दादासो. "बांधाचा खांदा त्या पांढऱ्या मातीला टेकवू नका, पाणी बगलेनं जाईल. खाली कातळावर बांधा, आमच्या वावराच्या कडंला." एवढंच म्हणाली. पाठ हाय मला. आणि तुमी काय म्हणाला?… मग मी सांगतो. "हवालदारीणबाई इंजिनेर झाल्या." सगळा पार हसला.

चेष्टा. व्हय, चेष्टाच.

आवं, अठरा वर्षं मी पलटणीत व्हतो. अठरा वर्षं माझ्या चुलीचं माणूस म्हणून तीच येत व्हती ओढा साफ करायला, पाटी-खोरं घेऊन. उन्हाळ्यात वाळूत झिरा कोण खणत व्हतं? अर्धी वाडी तिच्या झिऱ्यावर पाणी भरत व्हती. पाणी कुटं थांबतं, कुटनं पळतं, ते तिला ठाव. मला पेन्शनीवर येऊन दोन म्हैनं झालेलं. मी पुढं बसलो, आणि ती गेली मागं, बायकांत.

कोण?… बनाकाकी? तुमच्याबरोबर हाय? द्या, द्या… काकी?… ऐकू येत न्हाई. उलटा धरलाय तुमी. वायरीचं टोक तोंडाला, दुसरं कानाला… हां. आता आलं… रडू नका. ऐका ना काकी… काकी, येवढ्या लांबनं फोन लावला आणि त्यात रडताय.

हो, हो… तुमी दोघी जोडीनंच जात व्हता पाण्याला… व्हय, भादव्यात बंधारा बगलेनंच फुटला. ती म्हणाली तिथंच. झिऱ्यावर निस्ता गाळ आणि धोंडं… आणि मग चैतात त्या माळावरच्या विहिरीवर जायची पाळी… न्हाई, काकी. कितव्या पायरीवरनं तिचा पाय घसरला ते मला आजवर कुणी सांगितलं न्हाई. तुमी बी सांगू नका.

काय म्हणत व्हती?… उतरताना?… "आपला झिरा असता तर"… हं.

माझ्यावर चिडून?… न्हाई? कवाच न्हाई?… चिडायला पायजे व्हती, काकी.

द्या. सरपंचाला द्या.

हां दादासो. आता बंधारा कुटं बांधणार?… कातळावर. असं. कोण म्हणालं?… साहेब. साहेब म्हणाले तवा कातळ दिसला व्हय सगळ्यांला… आणि कातळाला लागून वावर माझं. म्हणजे माझी सही पायजे… तरीच शाल. तरीच पाटी… रागावलो न्हाई. पयलंच बोलला असता तर एवढा फेरा पडला नसता.

मिनिटं संपली?… वाढवून मागा. मागा, मागा…

हां. ऐका आता. सही देतो. शाल नको, नारळ नको. पाटी करूनच आणलीय तर त्या विहिरीला लावा, माझी हरकत न्हाई. पण एक काम करायचं. त्या सभेची ठरावाची वही… बरोबरच हाय? तालुक्याला दाखवायला आणलीय? झ्याक. त्या दिवसाचं पान काढा. वाचा… परत वाचा… "जागा सर्वानुमते मान्य." सर्वानुमते. ती उभं राहून नको म्हणाली, आणि सर्वानुमते!

खोडता येत न्हाई? मग उद्याच्या पानावर नवं लिहा, आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. घ्या लिहून. "मनुबाईनं या जागेला विरोध केला व्हता."… व्हय, नाव घेतलं मी. जिती असताना चारचौघांत कवा घेतलं न्हाई… लिहिलं? पुढं लिहा. "तिच्या नवऱ्यानं तिला खाली बसवलं."

लिहा, दादासो.

तुमी हसला ते निराळं. हसण्याला ती बधली नसती. सगळे हसत व्हते तरी उभीच व्हती, पदर खोचून, माझ्याकडं बघत. मीच म्हणालो, "खाली बस. आमच्या चुलीचं तोंड मी हाय." आणि तुमच्या जागेला हात वर केला. कशापायी, ठाव हाय?… कातळावर बांधला असता तर माझं सहा गुंठं पाण्याखाली जात व्हतं. सहा गुंठं! आता बिनबोभाट देतोय बघा, तेच सहा गुंठं… घरी आल्यावर तिनं चूल पेटवली. भाकरी वाढली.

अब्रू?… माझी? ती आता कुणासाठी राखायची?… न्हाई. पयलं वाक्य एकटं लिहायचं न्हाई. तेवढंच लिहिलं तर तिचं नाव हुईल, आणि तिचा नवरा म्हणून माझं बी हुईल. ते नको मला. दुसरं वाक्य नसंल तर सही न्हाई… साहेबांसमोर? साहेबांसमोरच वाचा.

मागनं काकी काय म्हणतीय?… सभेत दोन्ही वाक्यं ती सांगंल? तिला वाचता कुटं येतंय… हां, तोंडपाठ. सांगू द्या तिला. पण वहीत तुमीच लिहायचं, तुमच्या हातानं… लिहिताय का न्हाई, एवढं सांगा.

हॅलो?… दादासो?… लिहिलं का?… हॅलो?… हॅलो?…

न्हाई, मालक. तुटला… परत नको लावायला. मालक, उद्या सुट्टी पायजे मला. गावी ओढ्याची सभा हाय… व्हय, जायलाच पायजे. चुलीमागं एक माणूस लागतो.