आतल्या खोलीतला रिमोट

नाही नाही, हा टीव्हीचा सेट-टॉप डबा आत न्यायचा नाही — ते सोडून बोला, दादा. सगळे हेच सांगतात. शेजारीण म्हणते, काकू, डबा उचला आणि आत ठेवा, कशाला हा द्राविडी प्राणायाम. अहो, कळतं की मला, केस काय उन्हात पांढरे झालेत? पण हा डबा इथे हॉलमध्ये ह्यांनीच बसवून घेतला होता, ह्यांच्या खुर्चीसमोर. पडल्यापासून आतल्या खोलीत झोपून आहेत, पण ह्यांच्या मते ते चार दिवसांपुरतं. बरं वाटलं की बाहेर येऊन खुर्चीत बसणार. आता डबा उचलून आत नेला की ह्यांना काय कळायचं — की झालं, आता इथून हलणं नाही. ते मला नको. म्हणून आतल्यासाठी टीव्ही तेवढा दुसरा आणला, वायर दारावरून ओढली. डबा एकच, इथे जे लागतं तेच आत दिसतं. आणि रिमोट काही भिंतीतून जात नाही, एवढंच दुखणं. ते तुमच्या ह्या जोडीने होतंय ना — एक डबी आत ठेवायची, ती ह्यांच्या रिमोटचं ऐकणार, आणि ही इथली ते डब्याला सांगणार. मग बसवा.

बसवा, मी बोलतेय म्हणून हात थांबवू नका. आज व्हायलाच हवं, उद्या लेक यायचीय. तिने ह्यांच्यासाठी जागा बघून ठेवलीय. म्हणजे अशा माणसांना सांभाळतात तसली जागा — स्वच्छ आहे म्हणे, बाग आहे. ह्यांना बाग काय करायचीय? म्हणते, आई, बाबांना आता काही कळत नाही, डॉक्टरही तेच म्हणाले, तुझ्याच्याने हे होणार नाही. मी म्हटलं, कळत नाही? मग सकाळी बातम्या कोण लावतं? जेवण झालं की जुनी गाणी, संध्याकाळी मॅच — जन्मभर बस डेपोत गाड्यांच्या वेळा सांभाळलेला माणूस, त्याची वेळ कशी चुकेल? फोन धरून तिला आवाज ऐकवला. मग जरा नरमली. म्हणाली, बाबा स्वतःच्या हाताने, त्यांना हवं ते लावताना दाखव मला, पुन्हा विषय काढणार नाही. शब्दाची पक्की आहे, बापावर गेलीय. तेव्हा तुम्ही समजून घ्या, तुम्ही नुसती डबी बसवत नाही आहात.

काय? — हो, विचारलंत ते बरोबरच आहे. रिमोट जात नाही, मग लावतं कोण. पाणी घ्या आधी. आता तुम्ही काय, आज आलात, पुन्हा कशाला भेटताय, तुम्हाला सांगायला हरकत नाही. पहिल्या दिवशी हे आतून दाबतायत, दाबतायत, काही होईना. चिडले. मग डोळ्यांत पाणी आलं. अख्ख्या संसारात ह्यांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं, दादा, धाकटा दीर गेला तेव्हासुद्धा. मला राहवेना. बाहेर आले, दुसरा रिमोट होता त्याने बातम्या लावल्या. आतून म्हणाले, "लागलं गं." एवढे खूश. मग आत जाऊन काय सांगू, मी लावलं म्हणून? गप्प बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी तेच — आणि आता मी ह्या स्टुलाला जखडलेय. दार एवढंच उघडं ठेवायचं, की ह्यांचा हात दिसतो. हात उचलला की मी दाबते. खाकरले की आवाज वाढवते. हवं काय ते मला कळतं, नवऱ्याचं बायकोला नाही कळणार तर कुणाला? एकदासुद्धा चुकले नाही. एकदा मात्र स्टुलावरच डोळा लागला, जागी होते तर लहान मुलांची कार्टून चाललेली, दुपारभर. हे शांतपणे बघतायत. हाक मारली नाही, कुरकुर नाही. मला झोपू दिलं हो. कधी बोलून दाखवायचे नाहीत, पण माया फार.

झालं? हा दिवा लागला म्हणजे झालं ना? अहो — ऐकलंत का — लावा आता तुम्हाला हवं ते. दादा, तुम्ही इथे टीव्हीकडे बघत बसा. ही बातम्यांची वेळ आहे, बातम्याच लावतील. उचलला बघा हात. आता — आवाज का वाढतोय? चुकून बोट लागलं असेल. अहो, बातम्या लावा. ही कसली यादी आली पडद्यावर — भाषा निवडा? भाषा कशाला निवडायची? आता आकडे उमटतायत. नऊ, नऊ, नऊ. काळं झालं सगळं. दादा, तुमचं यंत्र बिघडलेलं आहे. एक दाबलं की भलतंच पोचतंय. तुम्ही आत जा, तुम्ही दाबून बघा. — हं, बातम्या. गाणी. पुन्हा बातम्या. लागतंय की. बरं, द्या परत त्यांच्या हातात. — आता काहीच का होत नाही? उलटा धरलाय? मग सरळ करून द्या ना. — पुन्हा उलटा केला?

कधीपासून उलटा धरतायत? मला इथून नुसता हात दिसतो हो. हात उचलला की मला वाटायचं, बातम्या. बातम्या लावल्या की गप्प व्हायचे, मला वाटायचं, बरोबर लागलं. आणि काही वेगळं लावलं असतं तर? तरी गप्पच राहिले असते. नाही, नका बोलू तुम्ही काही. तुम्ही काय बोलणार, आणि मी तरी काय करणार? लेकीला इतके दिवस छातीठोकपणे सांगितलं, बाबांचं डोकं शाबूत आहे म्हणून. खोटं नव्हते बोलत मी, दादा. मला खरंच तसं वाटत होतं.

काय हो? काय म्हणताय? — ऐकलंत, दादा, काय म्हणतायत ते? "काल चांगला चालत होता." हो हो, काल चांगला चालत होता. होईल आत्ता नीट, जरा दम धरा.

काढा ते. दोन्ही डब्या काढा. तुमचा दोष नाही, यंत्र चांगलं आहे, मी बघितलं. चहा ठेवणार होते तुमच्यासाठी, पण आता — आणि उद्या तिने विचारलं तर काय सांगू, ते तुम्हाला विचारून काय उपयोग, तुम्ही परके. गोळा करा सामान. हात उचललाय त्यांनी, मला बसू द्या. जा तुम्ही.